मामा तलावाचे वय कसे ठरवावे? इतिहासाच्या प्रबंधात गाळ, वनस्पती आणि आठवणी यांना पुरावा म्हणून जागा आहे का?

प्रश्न : झाडीपट्टीतील अध्यापक

सर्व अभ्यासकांना नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी परिसरातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपल्याकडे सरसकट 'मामा तलाव' म्हणतात, हा विषय मी पीएच.डी.साठी निवडला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत असे हजारो तलाव व बोड्या (लहान तळी) आहेत आणि आमच्या भागातील धानाची शेती आजही मोठ्या प्रमाणात त्यांच्यावर अवलंबून आहे. अशाच एका तलावाखालच्या बांध्यांमध्ये (धानाच्या शेतांत) रोवणा करीत मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे या विषयाकडे केवळ पदवीचे साधन म्हणून पाहणे मला शक्य नाही.

माझ्या गावच्या तलावाचे वय मला ठरवायचे आहे आणि हाती आलेले पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत. गावातील कोहळी समाजाचे एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांचा जन्म १९४३ चा आहे, सांगतात की तलाव त्यांच्या पूर्वजाने बांधला, त्यासाठी त्याला चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजाने जमीन दिली, आणि त्या पूर्वजापासून स्वतःपर्यंत धरून नऊ पिढ्या झाल्या. त्यांनी नऊही नावे न अडखळता सांगितली आणि सहा महिन्यांनी मी पुन्हा विचारले तेव्हाही त्याच क्रमाने सांगितली. एक पिढी २५ वर्षांची धरून मी हिशेब केला तेव्हा काळ सन १८०० च्या आसपास आला. परंतु चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्येच घेतले होते. कागदांकडे वळावे, तर १८६० च्या दशकातील जमीन-महसुलाच्या बंदोबस्ताच्या कागदांत तलावाची नोंद आहे, पण तो 'जुना' आहे यापलीकडे तीत काही नाही. उरली माती. गेल्या उन्हाळ्यात गाळ काढण्याचे काम चालू असताना जेसीबीने पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) आतल्या बाजूला जवळजवळ सहा फूट खोल उभा काप घेतला होता. त्यात काळ्या आणि पिवळसर मातीचे पट्टे एकावर एक स्पष्ट दिसत होते आणि मध्यभागी शिंपल्यांचा बोटभर जाडीचा थर होता. मी छायाचित्रे घेतली, गाळाची एक बरणी भरून घरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तो सगळा काप ट्रॉल्यांत भरून शेतांवर गेला होता.

संशोधनाचा आराखडा मांडला तेव्हा समितीतील एका सदस्यांनी हा विषय इतिहासाचा आहे की भूगर्भशास्त्राचा हे आधी ठरवावे असे सुचवले, आणि दुसऱ्यांनी तलावातील वनस्पती व मासे यांच्या स्थानिक नावांचे प्रकरण पूर्णपणे वगळण्यास सांगितले. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. तरीही ते प्रकरण काढले तर तलाव म्हणजे एक मातीचा बांध आणि त्याच्या मालकांची यादी एवढेच शिल्लक राहते, असे मला वाटते.

तलावाचे वय ठरवण्याची विश्वसनीय रीत कोणती, वृद्धांच्या सांगण्याला पुरावा मानावे की केवळ पूरक माहिती, आणि इतक्या शास्त्रांना हात घालणारे काम एका इतिहासाच्या प्रबंधात पेलता येते का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर : मोडी वाचक, नागपूर

सर, आपला प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण आपण विसंगती लपवलेली नाही. बहुतेक जण अशा वेळी तीनपैकी सोयीचा एक पुरावा ठेवतात आणि बाकीचे तळटीपेत टाकतात.

प्रथम नावाविषयी. 'मालगुजारी' हा शब्द तलावाच्या वयाचा पुरावा म्हणून कोठेही वापरू नये. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि त्यानंतरच्या बंदोबस्तांनी मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्यांना, गावांवर मालकीचा हक्क दिला. तो हक्क ३१ मार्च १९५१ रोजी कायद्याने संपला. म्हणजे तलावांच्या दीर्घ आयुष्यातील जेमतेम ९० वर्षांची मालकी आज त्यांचे नाव होऊन बसली आहे. जुन्या वऱ्हाडात रयतवारी पद्धत (सारा थेट शेतकऱ्याकडून) असल्यामुळे तिकडच्या तळ्यांना हे नाव लागले नाही, एवढ्यावरूनही हे नाव महसुलाच्या व्यवस्थेचे आहे, बांधणीचे नाही, हे दिसते. बांधणारे आणि नंतरचे मालक हे एकच होते असे गृहीत धरल्यामुळे या विषयावरील अनेक लेखांत घोटाळा झाला आहे.

आता पिढ्यांचा हिशेब. आपण आजच्या दिवसापासून नऊ पिढ्या मागे गेलात, तेथे चूक झाली. गृहस्थांना धरून नऊ पिढ्या असतील तर मधली अंतरे आठ होतात, आणि मोजणी त्यांच्या जन्मापासून, म्हणजे १९४३ पासून, करावी लागते. अंतर २५ वर्षांचे धरल्यास मूळ पुरुषाचा जन्म १७४३ चा येतो, ३० वर्षांचे धरल्यास १७०३ चा. त्याने पस्तिशीत तलाव बांधला असे मानले तर बांधणी १७३८ ते १७७८ या दरम्यान केव्हातरी झाली असे म्हणता येते. १७५१ हे वर्ष या पट्ट्याच्या आतच पडते. तेव्हा आजोबांचे सांगणे आणि राजकीय इतिहास यांत आपल्याला वाटला तेवढा विरोध नाही. अर्थात यावरून त्यांचे म्हणणे सिद्धही होत नाही. वंशावळी तोंडी सांगितल्या जातात तेव्हा मूळ पुरुष आणि अलीकडच्या चार-पाच पिढ्या पक्क्या राहतात, मधली नावे मात्र गळतात. एखादे नाव गळले असल्यास काळ आणखी मागे जाईल, पुढे येणार नाही.

'गोंड राजा' या शब्दाचाही विचार करावा. चांद्याचे राज्य गेल्यानंतरही पूर्वेकडच्या जंगलपट्टीत गोंड जमीनदार घराणी टिकून होती आणि गावकरी त्यांनाही राजाच म्हणत. कोहळी समाजात अशीही एक परंपरा सांगितली जाते की चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांच्या पूर्वजांना बरोबर आणले. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ च्या आपल्या ग्रंथात ती नोंदवली आहे. ही परंपरा आणि आपल्या गावची कथा यांत काय समान आहे आणि काय फक्त आपल्या गावचे आहे, हे वेगळे काढणे हे निखळ इतिहासकाराचे काम आहे. जे फक्त आपल्या गावचे आहे, त्याला पुरावा म्हणून अधिक वजन द्यावे.

कागदांबद्दल एक व्यावहारिक सूचना. जिल्ह्यांच्या आजच्या सीमा मनातून काढून टाका. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला, शिवाय १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता. त्यामुळे जुने दप्तर मातृजिल्ह्यात, नागपूरच्या पुराभिलेखागारात किंवा त्याहूनही दूर असू शकते. चांदा जिल्ह्याच्या पहिल्या बंदोबस्ताचा लुसी स्मिथ यांचा १८६९ चा छापील अहवाल अवश्य पाहावा, पण तेथे थांबू नये. गावाची मिसल (बंदोबस्ताची गावनिहाय नोंद), वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद) आणि निस्तार पत्रक (सामायिक हक्कांची नोंद) यांत पाणी कोणाला, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या बदल्यात मिळावे याची कलमे असतात. वय कळले नाही तरी त्यांतून तलाव कसा चालत होता हे कळते, आणि माझ्या मते आपल्या प्रबंधाचा कणा तोच असावा.

जाता जाता एक इशारा. वाशीम जिल्ह्यातील हिस्से-बोराळा येथे वाकाटक राजा देवसेनाच्या काळातील शिलालेख सापडला आहे. त्यात सुदर्शन नावाच्या तलावाची नोंद असून शक ३८० हे वर्ष, म्हणजे सन ४५७-५८, दिलेले आहे; सप्तर्षींच्या स्थानाचाही त्यात उल्लेख आहे. एकाच दगडावर लिपी, खगोल आणि जलव्यवस्था एकत्र आल्यामुळे तो मला फार प्रिय आहे. परंतु 'विदर्भात तलावांची परंपरा वाकाटकांपासून अखंड आहे' असे वाक्य त्याच्या आधारे लिहिण्याचा मोह टाळावा. मधल्या हजार-बाराशे वर्षांचा दुवा दाखवता येत नसेल तर अखंड हा शब्द वापरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

उत्तर : गाळाचा अभ्यासक

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातील असून तळ्यांच्या गाळाच्या कालमापनावर काम करतो. बरणीतील गाळाविषयी स्पष्टच सांगतो, वय काढण्यासाठी त्याचा उपयोग होणार नाही. तो कोणत्या खोलीवरचा आहे हे निश्चित नाही, त्याला ऊन लागले आहे आणि वरखालचे थर मिसळले आहेत. पण त्यातील शिंपले टाकू नका. ते कोणत्या जातीचे आहेत हे ओळखता आले तर तो थर साचला तेव्हा पाणी खोल होते की उथळ याचा अंदाज बांधता येतो. एवढे शिंपले एकाच पातळीत दाटलेले असतील तर तळे एखाद्या वर्षी पूर्ण आटले असण्याची शक्यता तपासावी लागेल. छायाचित्रांत मोजपट्टी किंवा निदान कुदळीचा दांडा दिसत असेल तर तीही मोलाची आहेत.

कोणती पद्धत कोणत्या प्रश्नाला उपयोगी पडते, याबद्दल इतिहासाच्या अभ्यासकांची अनेकदा निराशा होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांना माहीत असते ती कार्बन-१४ ची पद्धत. तिच्यातील अर्धायुष्य, म्हणजे मूळ प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ, ५,७३० वर्षांचे आहे आणि हजारो वर्षांपूर्वीच्या कोळशाला ती उत्तम लागू पडते. परंतु साधारण १६५० ते १९५० या तीन शतकांत वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण असे वरखाली होत राहिले की एकाच मोजणीतून दोन-तीन वेगवेगळे काळ निघतात. आपला तलाव १७३८ चा की १७७८ चा, हे ती पद्धत जवळजवळ कधीच सांगू शकणार नाही. ज्या काळाविषयी आपल्याला विचारायचे आहे, नेमका तोच काळ तिला अवघड जातो.

शिसे-२१० हे किरणोत्सारी शिसे हवेतून पाण्यात आणि गाळात उतरत राहते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षांचे असल्याने गेल्या १०० ते १५० वर्षांत गाळ किती वेगाने साचला हे त्यावरून काढता येते. अणुचाचण्यांतून जगभर पसरलेले सीझियम-१३७ गाळात १९६३ च्या सुमारास सर्वाधिक दिसते, त्यामुळे त्या वर्षाची खूण थरांत सापडू शकते. या दोन्हींतून तलावाची जन्मतारीख मिळणार नाही. मात्र १९५१ मध्ये मालकी बदलल्यानंतर गाळ साचण्याचा वेग वाढला का, हा प्रश्न त्यांना विचारता येतो, आणि तो प्रश्न मला जन्मतारखेपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. मालगुजार गेल्यावर देखभाल कोलमडली असे सगळे म्हणतात. ते गाळात मोजून दाखवणे शक्य आहे.

बांधणीच्या काळासाठी सर्वांत जवळची पद्धत म्हणजे प्रकाशसंदीप्त कालमापन. वाळूतील क्वार्ट्झच्या कणांनी शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पाहिला, हे ती सांगते. पाळीखाली दडपलेली मूळ जमीन मिळाली तर तिच्या वरच्या पृष्ठभागाचे वय म्हणजे बांधणीचे वय. पाळीच्या स्वतःच्या मातीवर मात्र भरवसा ठेवता येत नाही, कारण खणून टोपल्यांनी भराभर टाकलेल्या मातीतील कणांना पुरेसे ऊन मिळालेले नसते आणि वय खऱ्यापेक्षा जास्त निघते. नमुना पोलादी नळीत, प्रकाशाचा कवडसाही लागू न देता घ्यावा लागतो. यासाठी पाळ कापण्याचा विचार चुकूनही करू नये. पाळ फुटली असेल किंवा तुडुमाची (पाणी सोडण्याच्या दाराची) दुरुस्ती चालू असेल तेव्हाच काप आपोआप मिळतो. जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाला तसे आधी कळवून ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.

आता माझाच एक अनुभव सांगतो, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. काही वर्षांपूर्वी मी दोन तलावांतून गाळाच्या नळ्या घेतल्या, म्हणजे तळात नळी दाबून थरांचा उभा नमुना काढला. पाळीलगतचा सर्वांत खोल भाग निवडला, कारण तेथे गाळ सर्वांत जाड आणि अखंड असतो असे आम्हाला शिकवलेले असते. प्रयोगशाळेत शिसे-२१० चे प्रमाण खोलीनुसार हळूहळू कमी व्हायला हवे होते, ते एका तलावात वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखेच निघाले. वर्षभराचे काम आणि मिळालेला बराचसा निधी त्यात गेला. नंतर त्या गावातील एका आजींशी बोलताना कळले की दर उन्हाळ्यात तलाव आटला की पाळीलगतचा काळा गाळ बैलगाड्यांनी बांध्यांत टाकण्याची रीत होती, आणि उरलेल्या चिखलात गावच्या म्हशी दिवसभर लोळत असत. ज्या जागेला मी अखंड समजलो, ती गावाने दरवर्षी उपसलेली जागा होती. हे त्या गावात सर्वांना माहीत होते. मी नळी टाकण्यापूर्वी विचारले नव्हते, एवढाच प्रश्न होता.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला आहे. आधी गावातील लोकांशी बोलतो, कोठून गाळ काढला, कोठून काढला नाही, तुडुम कधी सरकवले, पाळ कधी फुटली हे नकाशावर मांडतो, आणि मगच जागा ठरवतो. आठवणींना पूरक माहिती म्हणण्यास माझा विरोध आहे, कारण त्यांच्याशिवाय माझ्या मोजणीचा अर्थच लागत नाही. आपण अभ्यासासाठी निवडलेल्या तलावांपैकी जेथे गाळ काढण्याचे काम मंजूर झाले आहे, तेथे यंत्र लागण्यापूर्वी पोहोचण्याचा प्रयत्न करा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली, शेतकऱ्यांना त्या गाळाची गरजही आहे, आणि काम थांबवा असे मी म्हणणार नाही. पण कामाच्या आदल्या आठवड्यात दोन नळ्या घेऊन ठेवल्या तर कोणाचेच नुकसान होत नाही.

मोजणीसाठी अहमदाबादची भौतिक अनुसंधान प्रयोगशाळा, परागकणांसाठी लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आणि कार्बनसाठी दिल्लीचे आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र ही ठिकाणे आहेत. तेथे एकट्याने अर्ज करण्याऐवजी एखाद्या विज्ञान विभागाला सोबत घ्यावे.

उत्तर : निवृत्त मार्गदर्शक

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तरी मी थोडा वेगळा सूर लावणार आहे. मी अनेक विद्यार्थ्यांचे प्रबंध पूर्ण होताना पाहिले आणि काहींचे अर्धवट राहतानाही पाहिले. अर्धवट राहिलेल्यांपैकी बहुतेकांची अडचण आळस ही नव्हती. त्यांना सगळेच करायचे होते. ग्रामीण महाविद्यालयात आठवड्याचे तास, परीक्षा आणि निवडणुकीची कामे सांभाळून चार शास्त्रांवर प्रभुत्व मिळवणे माणसाच्या आवाक्यातले नाही. समितीतील सदस्यांनी विचारलेला प्रश्न मी असतो तर मीही विचारला असता.

परंतु त्या प्रश्नाचे उत्तर 'इतिहास' असे ठामपणे देऊन आपण पुढे जाऊ शकता. प्रबंधाचा प्रश्न एकच ठेवा आणि तो इतिहासाचा ठेवा. मालकी बदलली तेव्हा पाण्याची वाटणी आणि देखभाल कशी बदलली, हा तसा प्रश्न आहे. मग गाळ, वनस्पती, आठवणी आणि मिसल हे सगळे त्या एका प्रश्नाचे साक्षीदार होतात. साक्षीदार कितीही असू शकतात, खटला मात्र एकच हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत दुसऱ्या विभागातील किंवा दुसऱ्या संस्थेतील सहमार्गदर्शक घेण्याची मुभा आहे. भूगर्भशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राचे सहमार्गदर्शक घेतल्यास समितीची शंका बरीच निवळेल. आणि पाच जिल्हे सोडून द्या. तीन गावे पुरेत.

उत्तर : तळ्याकाठची

मी अर्जुनी-मोरगाव भागातील तलावांतील पाणवनस्पतींवर गेली काही वर्षे काम करते. वनस्पती व मासे यांचे प्रकरण गाळण्याची सूचना वाचून मला वाईट वाटले, म्हणून लिहीत आहे.

स्थानिक नावे हा शब्दसंग्रहाचा विषय नाही, ती वापराची नोंद आहे. आमच्याकडच्या तलावांच्या काठच्या उथळ पाण्यात देवधान उगवते. शास्त्रीय दृष्टीने ते रानधान, म्हणजे ओरायझा रुफिपोगॉन, लागवडीच्या धानाचे रानटी नातलग. त्याचे दाणे पिकले की गळून पडतात, त्यामुळे ते कापता येत नाही, झोडून किंवा ओंब्या बांधून गोळा करावे लागते. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे धान्य न खाण्याचा नियम पाळणाऱ्या घरांत त्याला मान असतो. आता पाहा, एका नावात वनस्पतिशास्त्र, धान्य गोळा करण्याची रीत आणि व्रताचा नियम एकत्र आले. त्याशिवाय देवधान उगवण्यासाठी पाण्याचा काठ उतरता आणि उथळ असावा लागतो. जेथे यंत्राने काठ उभा कापला तेथे ते नाहीसे होते. म्हणून 'पूर्वी देवधान कोणत्या बाजूला होते' हा प्रश्न विचारला तर उत्तरातून तलावाचा जुना काठ सापडतो. हे प्रकरण आपल्या मूळ विषयाच्या बाहेरचे कसे ठरते?

मात्र नावे गोळा करताना काळजी घ्यावी लागते. एकच नाव दोन गावांत दोन वनस्पतींना असते आणि एकाच वनस्पतीला ढिवर, कोहळी आणि गोंड घरांत तीन नावे असू शकतात. नाव ऐकले की वनस्पती प्रत्यक्ष पाहावी, फुलासह नमुना दाबून वाळवावा, त्यावर गाव, तारीख, सांगणाऱ्याचा समाज आणि वापर लिहावा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पती संग्रहालयात तो जमा करावा. असा नमुना नसेल तर नावांच्या यादीची पडताळणी पुढे कोणालाच करता येत नाही.

माशांबाबत पुरुषांनाच विचारण्याची चूक करू नका. जाळे पुरुष टाकतात, पण काठावरचे छोटे मासे, खेकडे आणि भाजीच्या वनस्पती गोळा करण्याचे काम अनेक गावांत स्त्रियाच करतात. रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज सोडल्यापासून मरळ, मागूर यांच्याविषयी काय बदलले, बेशरम ही झुडपी वनस्पती कधी पसरली, ती पसरल्यावर कोणती भाजी मिळेनाशी झाली, हा कालक्रम त्यांच्या बोलण्यात असतो. तो वर्षांच्या आकड्यांत नसतो. मुलीच्या लग्नाच्या आधी, पाळ फुटली त्या साली, मासेमारी सोसायटीने ठेका घेतला त्यानंतर, अशा खुणांनी तो सांगितला जातो. त्या खुणांना वर्ष लावण्यासाठी आपल्यासारख्या इतिहासाच्या माणसाची गरज आहे. मी वनस्पती ओळखू शकते, पण 'पाळ फुटली ते साल' मला कागदांतून शोधता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेने अभ्यासगटांची रीत रुजवली. बाहेरून आलेल्या अभ्यासकाने गावाबरोबर बसून शिकावे, नुसती माहिती घेऊन जाऊ नये, ही अपेक्षा तेथून आमच्या भागात पुष्कळ ठिकाणी पोहोचली आहे. आपण गावचेच असलात तरी अभ्यासक म्हणून जाताना ग्रामसभेपुढे हेतू मांडावा, ज्यांनी सांगितले त्यांची नावे द्यायची की नाही हे त्यांनाच विचारावे, आणि गावाकडे लोकजैवविविधता नोंदवही असेल तर आपली यादी आधी तिच्याशी ताडून पाहावी. अनेक गावांत ही नोंदवही घाईघाईने भरलेली असते. आपल्या कामातून ती दुरुस्त झाली तर प्रबंध कपाटात गेल्यावरही गावाजवळ काहीतरी उरेल.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : झाडीपट्टीतील अध्यापक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. पिढ्यांच्या हिशेबातील चूक मान्य आहे. आठ अंतरे ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. 'मालगुजारी' या शब्दावरचे माझे संपूर्ण पहिले प्रकरण मला पुन्हा लिहावे लागेल, आणि ते लिहिण्याची मला घाई झाली आहे.

निवृत्त मार्गदर्शक सरांचा सल्ला मी स्वीकारत आहे. प्रश्न १९५१ च्या आधी आणि नंतर पाण्याची वाटणी व देखभाल कशी बदलली एवढाच ठेवीन, गावे तीनच घेईन, आणि तलावाचे जन्मवर्ष १७३८ ते १७७८ असा पट्टा म्हणून नोंदवून, तो कसा काढला हे लिहून, तेथेच सोडून देईन. वनस्पती व मासे यांचे प्रकरण मात्र ठेवणार आहे. ते आता स्वतंत्र न राहता देखभालीच्या प्रकरणाचा भाग होईल, कारण काठ, बेशरम आणि देवधान हे देखभालीचेच साक्षीदार आहेत हे तळ्याकाठच्या ताईंच्या उत्तरावरून पटले.

गाळाचे उत्तर वाचून मी रविवारी पुन्हा आजोबांकडे गेलो आणि गाळ कोठून काढत असत हे विचारले. ते म्हणाले की पाळीलगतचा गाळ त्यांच्या वडिलांच्या काळापर्यंत दर वर्षी गाड्यांनी निघत असे, म्हणजे मी पाहिलेला सहा फुटांचा काप त्यानंतरच साचलेला असू शकतो, आणि मी त्याला अडीचशे वर्षांचा समजून बसलो होतो. मग त्यांनी स्वतःहून सांगितले की तलावाच्या उगवतीच्या कोपऱ्यात मातामायचे ठाणे आहे, आणि त्या ठाण्यासमोरचा गाळ कोणीही, कधीही काढलेला नाही. तेथे म्हशी सोडत नाहीत आणि यंत्रवाल्यालाही गावाने तेथे जाऊ दिले नाही. मी लहानपणापासून त्या ठाण्यापुढे नारळ फोडत आलो आहे. ती जागा मला देवीची म्हणूनच माहीत होती.

तेथे नळी टाकता येईल का, असे मी भीतभीतच विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले की हे एकट्याने ठरवण्यासारखे नाही, ग्रामसभेत विचारा, आणि मातीत जे निघेल ते आम्हाला वाचता येईल असे लिहून द्या. येत्या ग्रामसभेत मी विषय मांडणार आहे. त्याआधी गाळाच्या अभ्यासकांनी कृपया सांगावे की नळी किती जाडीची असते, किती खोल जाते, आणि ठाण्यापासून किती अंतरावर टाकली तरी चालेल. लोक हेच विचारतील आणि मला नेमके उत्तर द्यायचे आहे.

उत्तर : गाळाचा अभ्यासक

सर, नळी मनगटाएवढ्या जाडीची असते आणि हाताने दाबून साधारण दीड मीटर खाली जाते. यंत्र लागत नाही, काढल्यावर पडलेले भोक त्याच दिवशी तळ्यातल्या मातीने बुजवता येते. ठाण्याच्या अगदी समोर जाण्याची गरज नाही. जेथपर्यंत गाळ काढण्यास बंदी आहे त्या हद्दीच्या आत, पण ठाण्यापासून शक्य तितके दूर, एवढे पुरे, आणि ती हद्द कोठे संपते हे ग्रामसभेनेच खुंटी ठोकून दाखवावे. मे महिन्यात पाणी सर्वांत कमी असते तेव्हा मी स्वतः येईन. नळी कापून आतले थर उघडतो तेव्हा ते काम मी प्रयोगशाळेत न करता पहिल्यांदा गावात, सर्वांसमोर करीन. दुसरी नळी न उघडता मोजणीसाठी ठेवू. ग्रामसभेने नकार दिला तर तो नकार आणि त्याची कारणे तशीच प्रबंधात नोंदवा, आणि दुसऱ्या दोन गावांतील तलावांमध्ये अशी न काढलेल्या गाळाची जागा आहे का हे तेथील वृद्धांना विचारण्यास सुरुवात करा.